किडे विकत घेतले, हो पैसे देऊन! खानापूरकडच्या मधपेटीवाल्या काकांच्या मेणकिड्यांचा रिव्ह्यू

पाचात चार स्टार. एक स्टार कापलाय, का ते येईलच पुढं, पण आधीच सांगते की माल चांगला आहे आणि माणूस त्याहून चांगला आहे.

मी बेळगावात एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. गेलं दीड वर्ष एक छोटं प्रोजेक्ट चालू आहे, चिकोडी-निपाणी भागातल्या म्हशींना कासदाह होतो ना, आपल्याकडं दगडी म्हणतात बघा, त्या दुधातून स्टॅफिलोकोकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) ह्या जंतूचे बारा नमुने वेगळे काढलेत आणि त्यातला कुठला खरा जहाल आणि कुठला नुसताच नावाचा पैलवान ते बघायचंय. ऐकायला सोपं वाटतं. जंतू सगळे मायक्रोस्कोपखाली सारखेच दिसतात, द्राक्षाचे घड, जांभळे, गोंडस. त्यातला खुनी कोण हे तोंडावरनं कळत नाही.

मग आपण काय करतो, जे स्वस्तात होतं ते आधी. ब्लड अगारच्या, म्हणजे रक्त घातलेल्या जेलीच्या, प्लेटवर जंतू लावायचा आणि भोवतीचं रक्त फुटतं का बघायचं. इथं एक गंमत सांगते कारण आमच्या पोरांना ही दरवेळी जादू वाटते. जनावरांच्या स्टॅफमध्ये बीटा टॉक्सिन नावाचं विष बऱ्याचदा असतं, ३७ डिग्रीला रात्रभर ठेवलेली प्लेट काढली की कॉलनीभोवती, म्हणजे वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्याभोवती, धुरकट, अर्धवट कडं दिसतं, पार साफ नाही. तीच प्लेट फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी काढा, ते कडं एकदम काचेसारखं पारदर्शक झालेलं असतं. गरमात वार करायचा आणि गारव्यात जखम उघडायची असला प्रकार. आणि ह्याला मेंढीचंच रक्त पाहिजे, ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त आणून काम भागवणारे लोक आहेत (होय, आहेत), त्यांच्या प्लेटवर हे नीट दिसतच नाही, कारण ते टॉक्सिन पेशीच्या आवरणातल्या ज्या स्फिंगोमायलिन नावाच्या चरबीवर तुटून पडतं ते मेंढीच्या लाल पेशीत भरपूर असतं, माणसाच्यात कमी.

त्यानंतर कोॲग्युलेज, म्हणजे जंतू रक्तातलं पाणी गोठवतो का ती टेस्ट. सशाचा प्लाझ्मा, त्यात जंतू, दही लागल्यासारखा गोळा झाला की पॉझिटिव्ह. चार तासांनी बघायचंच, थेट दुसऱ्या दिवशी बघायचं नाही, कारण काही जंतू स्वतःच केलेलं दही रात्रीत परत विरघळवतात आणि सकाळी तुम्ही निगेटिव्ह लिहून मोकळे. मग बायोफिल्म, म्हणजे जंतू एकमेकांना धरून जो चिकट थर करतात तो, ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये वाढवायचं, पाण्यानं धुवायचं, क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग घालायचा, पुन्हा धुवायचं आणि किती जांभळा रंग चिकटून राहिला ते मशीनवर मोजायचं. ह्यात सगळा खेळ धुण्याचा आहे, भांडी घासणाऱ्या हातानं धुतलं तर बायोफिल्मच निघून जाते आणि भीत भीत धुतलं तर सगळेच जंतू चिकट ठरतात. काँगो रेड रंगाच्या प्लेटवरची काळी कॉलनीवाली टेस्ट (काळी आली की बायोफिल्मवाला) पण केली, तिचं आणि ह्या मशीनच्या आकड्यांचं माझ्याकडं निम्म्या वेळा जमलं नाही.

एवढं सगळं करून वही भरली आणि तरी प्रश्न तिथंच. कुणाच्या घरात किती कोयते आहेत ते मोजून झालं, पण भांडण लागल्यावर कोयता घेऊन बाहेर कोण येतो ते घराची झडती घेऊन कसं कळणार? त्याला समोर जिवंत काहीतरी पाहिजे. हे काय मी नवीन शोधलेलं नाही. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याच्या बाबतीत हेच केलं, १९५३ साली सशाच्या आतड्याचा एक तुकडा आतल्या आत दोन्हीकडनं बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले आणि तो तुकडा पाण्यानं टम्म फुगला. मग १९५९ मध्ये ज्यात जंतू वाढवले ते पाणी, जंतू काढून टाकून, नुसतं घालूनही ते फुगतं हे दाखवलं, म्हणजे विष जंतू बाहेर सोडतो. रोग आतड्याचा, तर बघायचं आतड्यात. किती साधं! आणि त्याआधी कित्येक वर्षं लोक भलत्याच ठिकाणी शोधत होते.

पण आम्हाला ससा-उंदीर परवडत नाहीत. पैशाचं सोडा, प्राण्यांच्या प्रयोगासाठी एथिक्स कमिटी, नोंदणी असलेलं ॲनिमल हाऊस, फाईलवर फाईल, आणि खरं सांगायचं तर मलाच उंदीर मारायचा नाही. म्हणून मेणकिडा. शास्त्रीय नाव गॅलेरिया मेलोनेला, मेणाच्या पतंगाची अळी. जगभर लोक वापरतात, कारण एक तर तिला ३७ डिग्री चालतं, म्हणजे आपल्या अंगातल्या तापमानाला टेस्ट करता येते, आणि दुसरं म्हणजे तिच्या अंगात जंतू गिळणाऱ्या पेशी आहेत, जंतू मारणारी प्रथिनं आहेत, आणि लढाई हरायला लागली की ती काळी पडते. अक्षरशः. सायीच्या रंगाची अळी आधी ठिपक्याठिपक्यानं आणि मग सगळीच करपल्यासारखी काळी. ते मेलॅनिन असतं, जंतूला कोंडून टाकायला तिनंच केलेलं. वाचायला मशीन नको, डोळे पुरे.

आता मुद्द्याचं, अळ्या आणायच्या कुठनं.

पहिली खेप बाहेरच्या एका सप्लायरकडनं मागवली, नाव घेत नाही. मे महिना, कुरिअर, तीन दिवस. डबा उघडला तर निम्म्या काळ्या, काही कोशात गेलेल्या, आणि वास असा की लॅब असिस्टंट मावशी म्हणाल्या, मॅडम आज मी सुट्टी घेतो. उरलेल्यातल्या चांगल्या दिसणाऱ्या निवडून प्रयोग केला. इथं एक सांगायलाच पाहिजे, नाहीतर माझे स्टार कशाच्या जोरावर ते कळणार नाही. दहा अळ्यांना जंतू टोचतो तेव्हा बाजूला दहा अळ्यांना नुसतं निर्जंतुक मिठाचं पाणी टोचतो आणि दहांना हातच लावत नाही. मिठाच्या पाण्यावाल्या जगल्याच पाहिजेत. एखादी गेली तर एकवेळ समजून घेऊ, त्याच्यापुढं गेल्या की पूर्ण प्रयोग कचऱ्यात, कारण मग जंतूनं मारली की सुईनं की प्रवासानं हे कोण सांगणार. त्या कुरिअरवाल्या मालात मिठाच्या पाण्याच्या दहातल्या चार मेल्या. तीन दिवसाचं काम, प्लेटा, पोरांची रात्रपाळी, सगळं पाण्यात.

तेव्हा आमच्याच एका पोरीनं सांगितलं की मॅडम, जांबोटीच्या पुढं आमच्या ओळखीचे एक काका मधपेट्या ठेवतात, त्यांच्याकडं हे किडे फुकट असतील, ते वैतागलेत ह्या किड्याला. गेले रविवारी. खानापूर तालुक्यातला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, छत्री नुसती हातात धरायला. काकांकडं सातेरी माशीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या आहेत, पावसाळ्यात खायला कमी पडलं की ती माशी पेटी सोडून निघून जाते आणि मागं राहिलेल्या पोळ्यात हा किडा पडतो. काकांनी एक टाकून दिलेली पेटी उघडून दाखवली, आत पोळं कसलं, नुसती जाळी, कोळ्यानं विणल्यासारखी, मधे काळी बारीक विष्ठा आणि त्यातनं सुळसुळ पळणाऱ्या जाडजूड अळ्या. मी आनंदानं ओरडलेच. काका माझ्याकडं बघत राहिले.

"ओ मॅडम, ह्या किड्यापायी माज्या तीन पेट्या गेल्या, आन् तुमी त्येला पैसं देतासा?"

देते म्हटलं. शेकड्याला तीनशे रुपये ठरले. काकूंनी चहा करता करता आतनं विचारलं की खायाला काय हो ह्ये, तेवढं स्पष्ट केलं.

काकांकडच्या पहिल्या खेपेला घोळ झाला आणि त्यात चूक काकांची नाही, माझी आहे, वाचलेलं असून डोक्यात आलं नाही. काकांनी अळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिल्या, वर कापडी पिशवी. जांबोटीहून बेळगावची लाल बस, खच्चून भरलेली, मी खिडकीत. अर्ध्या रस्त्यात शेजारच्या आजी म्हणाल्या बाळ तुझ्या मांडीवर काय चालतंय बघ. पिशवीला भोकं! मेणकिडा प्लास्टिक कुरतडतो. २०१७ साली ह्यावर एक पेपर आला होता, फेडेरिका बर्टोकिनी म्हणून एक शास्त्रज्ञ बाई स्वतः मधमाश्या पाळायच्या, पोळ्यातले किडे काढून पिशवीत टाकले तर थोड्या वेळानं पिशवीला भोकं आणि किडे बाहेर, त्यातनं पॉलिथिन खाणाऱ्या अळीचा सगळा शोध निघाला. बाईंना त्यातनं संशोधन मिळालं, मला कंडक्टर मिळाला. "डब्ब्याग एन ऐती?" (डब्यात काय आहे?) तो कन्नडमधनं म्हणाला, तोवर मी उरलेल्या टिफिनच्या डब्यात भरत होते. "हुळ अदाव री," (किडे आहेत हो) मी. तो दोन सेकंद थांबला आणि म्हणाला तिकीट काढलंय का. सुटलेल्या अळ्या किती ते मोजलं नाही, त्या बसमधनं पुढं प्रवास केलेल्या सगळ्यांची माफी मागते.

तेव्हापासून स्टीलचा डबा, झाकणाला बारीक भोकं, आत लाकडाचा भुसा. काकांनी स्वतःच केलंय ते, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून वरनं तारेची बारीक जाळी बसवलीय. पॅकिंगला पूर्ण मार्क.

माल कसा आहे? पेटीतली रानटी अळी थेट घेतली तर त्यात लहानमोठी, आधीच आजारी, काय वाट्टेल ते निघतं. म्हणून मी काकांना खाण्याची रेसिपी दिली, गव्हाचा कोंडा, मक्याचं पीठ, दूध पावडर, यीस्ट, मध, ग्लिसरीन, वर थोडं जुनं मेण, सगळं लाडवासारखं मळून काचेच्या बरणीत. औषधं, अँटिबायोटिक काही नाही हे तीनदा बजावलं, कारण अळीनं आधीच अँटिबायोटिक खाल्लं असेल तर माझा जंतू तिथंच मरेल आणि मी त्याला गरीब ठरवून बसेन. काकांनी ते काकूंच्या हवाली केलं आणि आता लोणच्याच्या बरण्यांच्या शेजारी सहा बरण्या किड्यांच्या आहेत. अंड्यापासून कामाच्या आकाराची अळी व्हायला दीड-दोन महिने जातात, पावसाळ्यातल्या गारठ्यात जास्तच.

मला पाहिजे ती अळी २५० ते ३५० मिलिग्रॅमची, अंगावर एकही काळा ठिपका नको, उलटी केली की पटकन सुलटी झाली पाहिजे. घरी आणल्यावर मी प्रत्येक अळीला उलटी करून बघते, तराजूवर ठेवते. मागच्या चार खेपांत शंभरातल्या सत्तर-पंचाहत्तर कामाच्या निघाल्या. कुरिअरवाल्या मालात वीसही नव्हत्या.

टोचताना मजा असते. बर्फावर पाच मिनिटं ठेवली की शांत होते, मग चिमट्यानं धरून मागच्या जोडीतल्या डाव्या पायात, पाय म्हणजे तो गुबगुबीत बुटका पाय, त्यात बारीक सिरींजनं १० मायक्रोलिटर. हातानं धरून टोचायचं नाही, अळी वळवळली की सुई तुमच्या बोटात आणि सुईत काय आहे ते आठवा. पोरांना मी आधी दोन आठवडे नुसतं रंगीत पाणी टोचायला लावते. मग ३७ डिग्रीला पेट्री डिशमध्ये, आणि २४, ४८, ७२ तासांना बघायचं. हलते का, काळी किती, जिवंत का, आणि कोश विणायला घेतलाय का, कारण कोश विणणारी अळी म्हणजे तब्येत ठीक, घर बांधायचं सुचतंय तिला. झालं की सगळं फ्रीझरमध्ये, आणि मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेचा मोठा कुकर, १२१ डिग्री. आणि जंतू किती टोचला हे सिरींजवरनं ठरवायचं नाही, त्याच पाण्याचं डायल्यूशन करून, म्हणजे टप्प्याटप्प्यानं पातळ करून, प्लेटवर कॉलन्या मोजायच्याच, नाहीतर एका अळीत दहापट गेलेलं असतं आणि तुम्ही जंतूला जहाल म्हणत बसता.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप. माझ्या बारा नमुन्यांत सात नंबरचा प्लेटवर हिरो होता, कडं सगळ्यात मोठं, बायोफिल्म भरपूर, फ्रिजमधनं काढलेली त्याची प्लेट मी वर्गात दाखवायला ठेवलेली. अळीत? ७२ तासांनी दहातल्या सात जिवंत, दोघींनी कोशही सुरू केलेला. आणि अकरा नंबर, ज्याचं कडं जेमतेम, जो मी जवळजवळ यादीतनं काढणार होते, त्यानं ४८ तासांत नऊ मारल्या. मला पटेना. परत केलं, वेगळ्या खेपेच्या अळ्या घेऊन, परत तेच. तिसऱ्यांदा केलं. तेच. मिठाच्या पाण्यावाल्या तिन्ही वेळा मिळून तिसात एकच गेली. हा तीसला एक आकडा म्हणजे काकांचे चार स्टार, बाकी चहा वगैरे बोनस.

अर्थात अळी म्हणजे म्हैस नाही. तिला कास नाही, दूध नाही, अँटिबॉडी नावाची भानगडच नाही, त्यामुळं अकरा नंबर गोठ्यात असाच धिंगाणा घालेल असं मी लिहून देणार नाही. आणि का मारतो हे कळायचं तर पुढचं काम वेगळंच आहे, स्टॅन्ली फॅल्को यांनी १९८८ मध्ये मांडलेली पद्धत, संशयित जीन बंद करायचा, जहालपणा कमी होतो का बघायचं, मग तोच जीन परत घालायचा आणि जहालपणा परत येतो का बघायचं. ते आमच्या लॅबच्या आवाक्याबाहेरचं, त्यासाठी दुसऱ्या कुणाचं तरी दार वाजवावं लागेल. पण कुणाचं दार कुठला नमुना घेऊन वाजवायचं ते आता कळलंय, आधीच्या वहीवर विसंबून सात नंबर घेऊन गेले असते.

आता कापलेला स्टार. एकदा काकांनी दोन जातीच्या अळ्या मिसळून दिल्या. मेणकिड्यात मोठा आणि धाकटा असे दोन प्रकार असतात, धाकटा बारीक, पांढरट, त्याचा पतंग राखाडी. लहान अळ्या म्हणजे धाकट्या वयाच्या समजून काकांनी टाकल्या, मी पण घाईत आधी ओळखल्या नाहीत, वजन करताना काही केल्या दोनशेच्या वर जाईनात तेव्हा ट्यूब पेटली. ती खेप गेली. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "किडा तो किडा, त्येच्यात आनि जात बघतासा?" नंतर समजावलं, आता बघतात. दुसरं म्हणजे गणपतीत माल मिळत नाही, म्हणजे नाहीच, घरात आरती चालू असताना किड्याच्या बरण्या काढायला काकू देत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. तिसरं, बिल मिळत नाही. कॉलेजचं ऑफिस बिलाशिवाय पैसे देत नाही, आणि "मेणकिडे, शेकडा, नग दोन" असं साध्या कागदावर लिहून काकांची सही घेऊन दिलं तर क्लार्कनं तो कागद अख्ख्या ऑफिसला वाचून दाखवला. अजून पास झालेला नाही, खिशातनं चाललंय.

कुणाला पाहिजे असेल तर: आठ दिवस आधी सांगा, पंधरा दिवस आधी सांगितलं तर आणखी बरं. दिवसा फोनला रेंज नसते, रात्री जेवणानंतर लागतो. डबा आपला न्या, स्टीलचा. आणल्यावर दोन दिवस गार अंधाऱ्या जागी ठेवा, आल्या आल्या टोचू नका, पण आठवडाभर उपाशीही ठेवू नका, उपाशी अळी लवकर हरते आणि सगळेच जंतू शूर दिसतात. आणि परत येताना जांबोटीला उतरून काही खाणार असाल तर डबा आधी पिशवीत टाका, हॉटेलवाल्यानं विचारलं तर सांगताना अवघड जातं.

मध पण घेतला काकांकडनं, जांभळाचा, किंचित कडसर, मस्त आहे, पण तो रिव्ह्यू वेगळा लिहीन.

परवा पुढच्या खेपेसाठी फोन केला तर पाऊसपाणी, तब्येत काही नाही, पहिला प्रश्न काकांचाच. "मॅडम, अकरा नंबरनं ह्या वक्ताला किती काळी केली?" म्हटलं आठ. पलीकडं जरा वेळ काही बोलले नाहीत, मग आत ओरडून काकूंना सांगितलं, "आठ गेली गं!"